धुरी दिलेला बांगडा

सोमवार, ४ तारीख
बायको मुलीला घेऊन माहेरी गेली, त्याला आज अकरा दिवस. कारण काय, तर दूध उतू जाऊन गॅस विझला आणि शेजारीच पेपर वाचत बसलेल्या मला वास आला नाही. नाक जरा चोंदलंय, इतकंच. तीन महिने झाले सर्दीला, म्हणजे आता बरी व्हायच्या बेतातच असणार. तिचं म्हणणं, आधी डॉक्टरला नाक दाखव, मग येते. रविवारी जेवायला मात्र येणार आहे. परीक्षाच.
बेत: धुरी दिलेल्या माशाचं सँडविच. हॉटेलात तिने एकदा बोटं चाटत खाल्लं होतं. घरी करतो. खाल्लं की दोघी राहतीलच.

बुधवार, सकाळी ७
चार बांगडे आणले. मासेवाली म्हणाली, आजच संपवा. तिला धुरीतलं काय कळतंय! आधी मीठ लावून ठेवायचं असतं म्हणे. वगळलं. ब्लडप्रेशर. बांगडे बाल्कनीत दोरीला टांगले. ऊन छान आहे.

गुरुवार
सुताराकडून भुसा आणला. पॉलिशच्या लाकडाचा आहे, खाण्याच्या कामाला वापरू नका, असं त्याने दोनदा सांगितलं. लाकूड ते लाकूड.
मांजर आलं. दोरीखाली बसलं, वर बघितलं, निघून गेलं. पोट भरलेलं असणार.

शुक्रवार
जुन्या कुकरमध्ये भुसा, वर जाळी, जाळीवर बांगडे. धूर पिवळट. देखणा. वरच्या काकू खोकत खाली आल्या, कोणाकडे आग लागली का विचारायला. स्वयंपाक चाललाय म्हटलं. त्यांनी जिन्यातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. हौशी बाई.

शनिवार
ट्रायल. डब्यातून एक सँडविच ऑफिसात नेलं. झाकण उघडलं आणि कॅशियर अर्धं जेवण टाकून उठला. काम असेल. मी निम्मं खाल्लं. चव अशी कळली नाही, सौम्य झालंय. दुपारी तीनदा बाथरूम. ऑफिसचं पाणीच खराब.
निश्चय: उद्या मोहरीची पेस्ट जास्त.

रविवार, दुपारी १
दोघी आल्या. बायकोने जिन्यातच नाकाला रुमाल लावला होता. मुलगी म्हणाली, बाबाने केलंय, मी खाणार. श्वास रोखून सँडविच तोंडाशी नेलं. बायकोने ते हिसकावून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मला डोळे मिटायला सांगितलं. नाकाखाली काहीतरी धरलं आणि विचारलं, काय आहे. मी ठणकावून सांगितलं, लिंबू.
डोळे उघडले. बांगडा होता. मुलगी रडत होती.

रविवार, संध्याकाळी ६
गेल्या. निघताना मुलगी मिठी मारून कानात म्हणाली, बाबा, तू गॅस पेटवू नकोस हं, नुसता ब्रेड खा. नऊ वर्षांची आहे.
मला वास येत नाही. अजिबात येत नाही. भीती वाटते. लिहून तरी झालं.
आता हेच बायकोला फोनवर सांगायचं. चारदा फोन लावला. चारही वेळा, जेवलीस का, एवढं विचारून ठेवून दिला.