ठिबकच्या नळ्यांचं तेल

आर्णी, बुधवार, जानेवारीची थंडी

आज इंजिन चाललं. हात कितीदा धुतले तरी वास जात नाही, पण चाललं.

गॅरेजामागं बंद ड्रममध्ये ठिबकच्या फाटक्या प्लास्टिकच्या नळ्या तापवून तेल काढून राह्यलो, तेव्हापासून माझी बायको शबाना नाराज आहे. मागच्या खेपेला झाकणातून धूर सुटला अन् अम्मी, तिची आई, खोकून बेजार झाली. "आता एकच डाव. नाही जमलं तर ड्रम भंगारात," शबानानं सांगितलं. चूक नव्हतं तिचं. मग मी काहून इतका हट्ट धरला? बोंडअळीनं कापूस गेल्यावर लोकांनी ठिबक उपटून नळ्या बांधावरच जाळल्या, ते पाहवलं नाही म्हणून असंल.

आज झाकणाले नवी सील लावली. धूर सुटला नाही. तेल निघालं, काळपट, त्याच घाण वासाचं. डिझेलात थोडं मिसळून पंपाच्या जुन्या इंजिनात टाकलं. आधी अडखळलं, मग धरलं.

शबाना दारातच होती. मले वाटलं, आता वासावरून बोलते. ती म्हणे, "थांबा, अम्मीले बोलावते."

अम्मी ओढणी नाकाले लावून आली अन् इंजिन बंद होईस्तोर बसून राह्यली. उठताना म्हणाली, "भट्टी गावाबाहेर ने बेटा. पण बंद नको करू."