वंदनाच्या कॉम्प्युटरसाठी सागवानी कॅबिनेट

रविवार, ४ जुलै २००४. सकाळी ७.१०
वंदना एक ऑगस्टला एम.सी.ए.साठी इंदूरला जाणार. सोबत कॉम्प्युटर जाणार. त्याचे पत्र्याचे कॅबिनेट मला प्रथमपासूनच नापसंत: कोपरे काटकोनात नाहीत, हात लावला की झिणझिण्या येतात. निर्णय: सागवानी कॅबिनेट स्वतः बनवणे. मुदत अठरा जुलै. यात भावनेचा प्रश्न नाही. हॉस्टेलात वस्तू टिकाऊ असावी, इतकेच. सौ. सुलभाचे मत, की मुलीला काही द्यायचेच असेल तर आधी तिच्याशी धड बोलत जा. विषयांतर.

शुक्रवार, ९ जुलै
आराखडा पूर्ण. अकरा पाने. मापे मिलिमीटरमध्ये. निंबा मिस्तरीने तो उलटा धरून पाहिला आणि विचारले, की साहेब, कोंबड्या पाळता का? त्याच्याकडून फक्त फळ्यांना रंधा मारून घेतला. जाताना म्हणाला, की पावसाळा आहे भाऊ, लाकूड पानी पितं, सूतभर जागा सोडजो. ज्यांना माप जमत नाही, ते जागा सोडतात. मी बी.कॉम. आहे, अठ्ठावीस वर्षे ऑडिट केले आहे.

रविवार, १८ जुलै
आराखड्यात फळीची जाडी धरायची राहिली होती. दोन बाजू पुन्हा केल्या. ही चूक नव्हे, सुधारणा. नवी मुदत पंचवीस. वंदनाने विचारले, की बाबा, तोवर मशीन चालू तर करून द्या ना. मशीन सध्या जेवणाच्या टेबलावर सुटे आहे. आम्ही खाली बसून जेवतो. पाठीला उत्तम.

शनिवार, २४ जुलै
शेजारचे लीलाधरभाऊ आले. पेटीभोवती फिरून म्हणाले, की देव्हारा बढिया झाला, कळस कधी बसवता? खुलासा केला. त्यावर म्हणाले, की अच्छा, म्हणजे कॉम्प्युटरची रोज आरती. अशिक्षितपणा.

गुरुवार, २९ जुलै. दुपारी ४.२५
यश! मशीन आत बसले. झाकणाच्या फटीत पोस्टकार्डही जात नाही. चालू केले. तेरा मिनिटांनी बंद पडले. वंदना म्हणाली, की बाबा, आत हवा कुठून जाणार? मुद्दा रास्त. उद्या मागे सोळा भोके. बाहेर संततधार.

शुक्रवार, ३० जुलै
झाकण उघडत नाही.

शुक्रवार, सायंकाळी ६
तूप लावले. मेण लावले. हेअर ड्रायर. झाकण उघडत नाही. मशीन आत. सुलभा म्हणते, की निंबाला बोलवा. आवश्यकता नाही.

शनिवार, ३१ जुलै
निंबाला बोलावले. त्याने जागा सोडण्याविषयी अवाक्षर काढले नाही. हे अधिक लागले. पटाशी रोवून विचारले, की साहेब, कड वाचवू का पोरीचं मशीन? मी विचार करत होतो. वंदनानेच सांगितले, की मशीन, काका. झाकण तीन तुकड्यांत निघाले. पत्र्याचे कॅबिनेट मी गेल्या आठवड्यात भंगारवाल्यास देऊन टाकले आहे. तत्त्व म्हणून.

रविवार, १ ऑगस्ट. सकाळी ७.३०
बस गेली. लीलाधरभाऊंनी शाहपूरच्या केळीबाजारातून केळ्यांचे रिकामे खोके आणले होते. मशीन चादरीत गुंडाळून त्यात. स्टँडवर वंदनाला खोक्याची वरची बाजू कोणती, ते तीनदा सांगितले. तिने खिडकीतून हात बाहेर काढला होता. मी चौथ्यांदा सांगत होतो, तेवढ्यात बस सुटली.

रविवार, ८ ऑगस्ट
वंदनाचा फोन. आईशी अकरा मिनिटे. मग माझ्याशी. मशीन त्या खोक्यातच जोडले आहे म्हणे, झकास चालते. खोक्याला भोके असतातच. इतर मुली पाहायला येतात. नंतर विचारले, की बाबा, तुम्हाला करमतं का? मी तिला नव्या झाकणाची मापे सांगितली: लांबी, रुंदी, जाडी. तिने तिन्ही ऐकून घेतली. मागे कोणी मुलगी फोनसाठी घाई करताना ऐकू येत होती.