गियरबॉक्स मूळचाच राहील

मी, प्रज्योत सगुण परब, वय सव्वीस, मूळ राहणार कोरगाव, तालुका पेडणे, गोवा, सध्या मुक्काम कोईमतूर, एका गॅरेजच्या माडीवर, शिक्षण अर्धी नववी, धंदा गाड्यांची कामं, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. घेतलेली नाही, ताप नाही, कोणी धमकावलेलं नाही.

कारण असं. मागच्या रविवारी मी घरी फोन करून सांगितलं की गणेशचवथीला माझी गाडी घेऊन येतो, बेळगाववरून, चोर्ला घाट उतरून. बाबा म्हणाले, "गियर घालूक हात नाय, क्लच दाबूक पाय नाय, मगे तू थंय बसान करतस काय? त्या आपसूक गाडीन चोर्लो उतरतलस तर मृत्युपत्र करून ये!" आणि फोन ठेवला. बाबांचं मी सहसा ऐकत नाही. हे ऐकलं.

१. कोरगावचं घर आणि काजूची बाग आईबाबांची आहे. जिवंत माणसांच्या घराच्या वाटण्या मी करत नाही. बँकेत जे काय असेल ते आईचं, पद्मावतीचं. किती ते कोणी तिला विचारू नये.

२. माझी खरी मालमत्ता एकच, ती गाडी. मद्रासच्या पुरात बुडालेली, विमा कंपनीने टाकून दिलेली जर्मन गाडी मी भंगारात घेतली, सुकवली, जोडली आणि तिला सुपरचार्जर बसवला. बाबांसाठी लिहितो, सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा आणि इंजिनात हवा कोंबणारा पंखा. ताकद दीडपट झाली. गियरबॉक्स मात्र कंपनीचाच, ऑटोमॅटिक, जसा आला तसा. त्याला दोन वर्षं झाली. अजून सुटलेला नाही.

३. पेडण्याच्या नोटरीच्या कारकुनाने फोनवर सांगितलं की आपल्या गोव्याच्या कायद्यात आईबाप असतील तर अर्धी मालमत्ता त्यांच्यासाठी राखून ठेवावी लागते, आपल्या मर्जीने उरलेली अर्धीच देता येते. ठीक आहे. गाडी करवतीने कापता येत नाही, म्हणून मी तिचे असे भाग करतो: इंजिन, सुपरचार्जर आणि पुढची चाकं आईबाबांची. गियरबॉक्स आणि त्याच्या मागचं सगळं माझ्या मर्जीचं. ते मी माझी बहीण सुविधा हिला देतो. दोन्ही पक्षांचं पटल्याशिवाय गाडी अंगणातून हलायची नाही. बरंच आहे, जेवताना तरी एकमेकांशी बोलाल.

४. सुविधाच का? ती गेल्या वर्षी इथे आली तेव्हा मी तिला गाडी चालवायला दिली. पहिला सिग्नल सुटला आणि ती म्हणाली, "दादा, दुसऱ्यात जाताना हिका उचकी लागता." गॅरेजात इतकी माणसं, एकालाही ते कळलं नव्हतं. मी गियरबॉक्समधल्या तेलाचं प्रेशर त्या जागी जरा जास्तच वाढवलं होतं. कमी केलं, उचकी गेली.

५. सुविधासाठी सूचना. गियरबॉक्स ताकदीने मरत नाही, तापाने मरतो आणि आतल्या प्लेटा घसरल्याने मरतो. पुढच्या जाळीमागे मी तेल थंड करायचा वेगळा कूलर आणि पंखा लावलाय, त्यात पालापाचोळा अडकू देऊ नये. गियर बदलताना डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ इंजिनने जोर सोडायचा, असं मी कॉम्प्युटरला शिकवलंय. कोणी शहाण्याने ते पुसू नये. खालच्या दोन गियरांत हवा कमीच कोंबली जाते, ती तशीच ठेवावी. एका पायाने ब्रेक दाबून दुसऱ्याने रेस देणारा कितीही जवळचा पाहुणा असो, त्याला खाली उतरवावा. आणि तेल. पुस्तकात लिहिलंय, हे तेल आयुष्यभर चालतं. कोणाच्या आयुष्यभर? ते कोकमाच्या आगळासारखं लालभडक असेपर्यंत ठीक. काळपट झालं, करपट वास आला, की बदलायचं. घाटात गियर हाताने दुसऱ्यात धरता येतो, इंजिन गाडीला मागे ओढतं. बाबा, होय, ऑटोमॅटिकमध्येसुद्धा.

६. अण्णा, म्हणजे आमचे गॅरेजवाले. त्यांनी मला न विचारता भक्कम गियरबॉक्स मागवला. रोज सकाळी चहाबरोबर म्हणतात, "तंबी, हा टाक, नाहीतर रस्त्यात रडशील." तो खोक्यात आहे. खोक्यासकट परत करावा. माझा राग नाही. त्यांच्याकडे मी काम शिकलो, हट्ट घरून आणला.

७. चुलतभाऊ साईश, म्हापशाला गाड्यांवर स्टिकर लावतो. त्याने माझ्या घरी जाऊन सांगितलं की माझा गियरबॉक्स काजूच्या बोंडासारखा पिचकेल. त्याला माझा जुना फुटका सायलेन्सर द्यावा. त्याला आवाजच पुरतो.

हत्यारं सुविधाला. गौरेश माझ्याच खोलीत राहतो, डिचोलीचा. त्याला माझं जाकीट हवंय. पण साक्षीदाराला काही देता येत नाही असं कारकून म्हणाला. गौरेश म्हणतो, "मगे मी सही कित्याक करू?" दोस्तीसाठी कर, मेल्या.

८. आता बाबा. इतक्या ताकदीच्या गाडीला हाताचा गियर का घालत नाहीस, असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी मर्जी. ते अर्धंच खरं. डिचोलीच्या खाणींवर खनिजाच्या ट्रकचा क्लच दाबून दाबून तुमचा डावा गुडघा गेला. हे आईने सांगितलं, तुम्ही नाही. तुम्ही "गाड्यांचो कंटाळो इलो" म्हणून चावी खुंटीला लावलीत, आणि आता सुविधाच्या स्कूटरवर मागे बसून पेडण्याला जाता. तोंडावर बोललो असतो तर मला अंगणातून हाकलला असता. इथे बोलतो, कारण मृत्युपत्राला मध्येच गप्प बसवता येत नाही.

या गाडीत डाव्या पायाला काम नाही. म्हणून गियरबॉक्स मूळचाच राहील, आणि इतका धडधाकट राहील की तुम्ही त्याला नावं ठेवू शकणार नाही. इंजिन कायद्याने तुमचं आहेच. ड्रायव्हरची सीट मी देतो. सुविधाने शेजारी बसून तेलाच्या तापमानाचा काटा बघावा.

हे कलम मी मेल्यावर लागू. आणि जिवंत पोचलो तर गाडी अंगणात उभी केल्या क्षणापासून लागू. असं मृत्युपत्र होत नाही, असं कारकून म्हणेल. म्हणू दे. पोचलो तर बाकीचं त्याच्यासमोर रीतसर नोंदवीन, पण चावी परत घेणार नाही. तुम्ही नको म्हणालात तरी गाडी तिथेच उभी राहील, तुमच्या बाजूचं दार उघडं ठेवून.

लिहिलेलं सगळं वाचलं, खोडलं काही नाही.

सही: प्रज्योत सगुण परब

साक्षीदार १: गौरेश गावकर, डिचोली. आमच्यासमोर सही केली. शुद्धीत होता.

साक्षीदार २: बाबली सावंत, ट्रकचालक, बांदा. सही बघितली. ऑटोमॅटिकवर माझो इस्वास नाय, पण शेवटचा कलम दोनदा वाचून घेतलंय.

ठिकाण: कोईमतूर
तारीख: १७ ऑगस्ट २०२५