तेल-हळद लावलेले दोर

भोपाळ, ४ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
डिंपलचा सा. न. वि. वि.

शिबिरात आमचे फोन जमा करून घेतात, म्हणून पत्र. मी बरी आहे. होडी शिबिराची मिळाली, पण दोर ज्याचे त्याने आणायचे असतात. सगळ्यांचे दोर हातात घेऊन पाहिले, कृष्णराव सरांचं डोकं खाल्लं आणि शेवटी माझे निवडले. एक मोठा, मऊ, ओला झाला तरी जड न होणारा. तीन बारीक, कितीही जोर आला तरी न ताणणारे. फोन जमा व्हायच्या आधी घाईघाईत मागवले आणि पत्ता आंधळगावचाच गेला! पार्सल उघडू नका बाबा, आहे तसं कुरिअरने पाठवा. सप्टेंबरअखेर निवडीची शर्यत आहे. पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. माझा सगळा भरवसा त्या दोरांवर आहे.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.
तुमची डिंपल


आंधळगाव, ११ ऑगस्ट

चि. डिंपलले अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. धानाचा रोवणा आटोपला, शेतातली बोडी पाण्यानं भरली. तुझं पार्सल आलं. उघडू नका म्हणली होती, पण तुझी आई म्हणे, मोबाईलवरून मागवलं की डब्यात गोटाबी निघते. म्हणून उघडलं. पोरी, तुले कोणी बनवलं गं? मोठा म्हणते तो करंगळीएवढा अन् बाकीचे जोड्याच्या नाडीवाणी! आई म्हणे, यानं शेळी नाही थांबायची, पाण्यात काय होईल. मी दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याले गेलो. तुलाराम दोरवाल्यानं म्हैस लटकली तरी तुटणार नाही म्हणून सांगितलं, तो नायलॉनचा जाड दोर पाठवून राहिलो. नाड्या घरीच ठेवल्या. कंपनीले वापस करून टाकू.

जेवत जा. तुझ्या आईचा जीव तिकडंच आहे.
बाबा


भोपाळ, १८ ऑगस्ट

ती. बाबांस सा. न. वि. वि.

दोर मिळाला. सगळ्यांनी बघून घेतला. एकीने विचारलं, होडीत म्हैस कुठे बसणार. बाबा, हा कप्पीत शिरतच नाही! त्यातून नायलॉन ताणतं. वाऱ्याचा झोत आला की दोर लांबतो, शीड ढिलं पडतं आणि होडी जागच्या जागी. मला तुटणार नाही असा नको आहे, ताणणार नाही असा हवा आहे, हे मी लिहिलं नव्हतं का? त्या ‘नाड्या’ म्हैसही तोडू शकणार नाही. कंपनीला परत पाठवू नका, मला पाठवा. सध्या उसने दोर घेऊन सराव करते आहे आणि रोज मागे पडते आहे. हात जोडते, स्वतःचं डोकं लावू नका.

रागावून लिहिते आहे, पण नमस्कार मनापासून.
डिंपल


आंधळगाव, ३ सप्टेंबर

चि. डिंपलले आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं दोन दिवस वाईट वाटलं. आई म्हणे, शिकलेल्या पोरी असंच लिहितात, मनावर घेऊ नका. तुझे दोर पाठवून राहिलो. उशीर काहून झाला तर मधात पोळा आला. काल बैलायच्या नव्या दाव्यांसंगं तुझेबी दोर पाटावर ठेवले. आपल्या घरी नवा दोर तेल-हळद लावल्याबिगर कामाले जात नाही, तुले माहीत आहे. तुझ्या आईनं जवसाचं तेल लावून एक-एक दोर हातानं चोळला, मऊ लोण्यासारखा केला. आता तर खुश?

जाड दोर वापस पाठवू नको. जवळ असू दे.
बाबा


भोपाळ, १० सप्टेंबर

ती. बाबांस सा. न.

खुश? मी पार्सल उघडून खालीच बसले. होडीत दोर ओढला की एका दातेरी चिमट्यात अडकवायचा असतो. त्यानं धरलं तर हात मोकळा. तुमच्या तेलानं चिमटा काही धरतच नाही, सुर्र करून दोर निसटतो. साबण झाला, सोडा झाला, गरम पाणी झालं. वरचं गेलं, आतल्या पिळातलं जात नाही. शिवाय सगळे पिवळे. पोरी विचारतात, हळद लागली, आता लग्न कधी? फोन जमा आहे, शर्यतीआधी नवे मागवता येणार नाहीत, आणि शर्यतीच्या दिवशी उसने कोण देणार? बाबा, हा दोर कशाला लागतो हे एकदा तरी विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?

आणखी लिहिलं तर नको ते लिहीन. इथेच थांबते.
डिंपल


आंधळगाव, १६ सप्टेंबर

चि. डिंपलले आशीर्वाद.

आई कालपासून धड जेवली नाही. चुकलं आमचं. पण तू म्हणते विचारलं नाही, तर ऐक. तू लिहिलं होतं, माझा सगळा भरवसा त्या दोरांवर आहे. मले वाटलं, पाण्यात पडू नये म्हणून त्या दोरानं तुले होडीले बांधत असतीन. तू कप्पीचं अन् शिडाचं लिहिलं, ते मले समजलं नाही; दुसरा दोर कायले लागते, मले काय माहीत? मंग नाडीएवढ्या दोरावर पोरीले कसं सोडायचं? तेलबी त्याच्याचसाठी, पाण्यानं सडू नये, कंबरेले काचू नये म्हणून. जाड दोर जवळ ठेव म्हणलो, तो तुझ्या कंबरेसाठी होता.

शर्यत चांगली होवो. सांभाळून.
बाबा


भोपाळ, ३० सप्टेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तिसरी आले. दोघीच घेतल्या. शेवटच्या वळणापर्यंत दुसरी होते. मग चिमट्यातून दोर सुटला, शीड ढिलं पडून फुगलं आणि होडी मंदावली. एका हातात सुकाणू, एका हातात मोठा दोर, म्हणून सुटलेला दातात धरला. जवसाच्या तेलाची चव अजून जिभेवर आहे. खूप रडले. तुमच्यावर चिडले. मग तुमचं पत्र पुन्हा काढून वाचलं.

बाबा, मला कशानेच बांधत नाहीत. दोर शिडाला असतात, मी मोकळी असते. होडी उलटली आणि मी बांधलेली असले तर तिच्याखाली अडकून मरेन. अंगात तरंगणारं जाकीट असतं, ते वर आणतं. हे मी कधी नीट सांगितलंच नाही. दोराचा जाड-बारीकपणा तेवढा सांगत बसले.

पुढची निवड जानेवारीत आहे. सरांनी थोडा वेळ फोन दिला, नवे दोर मागवले, आणि घाईत पुन्हा पत्ता आंधळगावचाच गेला. हसू नका. या वेळी तुम्ही स्वतः घेऊन या. मी मोकळी कशी बसते, ते एकदा बघून जा.

आईला सांगा, जेव. वाट पाहते.
डिंपल


आंधळगाव, ८ ऑक्टोबर

चि. डिंपलले आशीर्वाद.

पार्सल आलं. उघडलं नाही. आई लई मागं लागली होती, शेवटी डब्याले बाहेरूनच हळद-कुंकू लावू दिलं. कापणीच्या आधी येऊन राहिलो, नागपूरवरून रात्रीच्या गाडीनं. डबा मांडीवर घेऊन बसीन, दोराले हात लावणार नाही, शब्द देतो.

पण त्या जाकिटाचे बंद मात्र मी ओढून पाहणार. तेवढं तुझ्या सरले आधीच सांगून ठेव.
तुझा बाबा