गुंडप्पाची हळद

१० मार्च १९७४, रविवार
आले बाई एकदाची सोलापुरात! मोहोळला दोन वर्षं एकाच खोलीत काढली. चुलीसमोरच अंथरूण आणि अंथरुणावरच पाहुणे. इथे दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर आणि नळ चक्क घरात. दाक्षायणीने तो उघडून-बंद करून स्वतःचा परकर भिजवला, तरी मी रागावले नाही, म्हणजे बघा मी किती खूश असेन. ह्यांना पाटबंधारे खात्यात बढती मिळाली म्हणून ही बदली. पलीकडच्या गल्लीत चादरींचे माग आहेत, त्यांची खटखट दिवसभर चालते. ह्यांना त्रास होतो म्हणे. मला मात्र सोबत वाटते.

घरमालकीण गंगम्मा पुढच्या खोलीत एकट्याच राहतात. बोलणं गोड, नजर चौकस. माझं पोट बघून म्हणाल्या की लई खाली आलंय, पंधरा दिवसांत मोकळ्या व्हाल. स्वयंपाकघरात जमिनीत बसवलेला पाटा आहे, वर काळा गुळगुळीत वरवंटा. आधीचे भाडेकरू ठेवून गेले. बरं झालं, आमचा वरवंटा ट्रकवाल्याने मोहोळलाच विसरला.

शाळेची नोकरी सुटली, पण हजेरीची ही कोरी वही तेवढी मी उचलून आणलीय. रोज लिहायचं ठरवलंय.

२१ मार्च
कसलं रोज लिहिणं! अक्कलकोटहून सासूबाई आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, अशी रीत आहे ना. अकलूजला आई माझी वाट बघत बसलीय आणि मी इथे डिंक कसा तळायचा ह्यावर व्याख्यान ऐकतेय. मीठ जास्त, पदर आखूड, दाक्षी लाडावलेली. ह्यांना सांगायला गेले तर पेपर आणखी वर धरला. मेला तो पेपर!

दाक्षी येणाऱ्या बाळाचं नाव काढलं की रुसते. साडेचार वर्षं आई एकटीचीच होती ना तिची. काल विचारत होती की तुला बाळ येणार, मग मला कोण येणार? मी हसले. हसायला नको होतं.

३० मार्च
मुलगा झाला. बुधवारी पहाटे, दवाखान्यात. साडेसहा पौंड. ओरडला असा की नर्स म्हणाली, गवई होणार. सगळे बाळाभोवती. मला प्यायला पाणी कुणी दिलं नाही, ते मागून घ्यावं लागलं. दाक्षीने बाळाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, हा तुझा.

९ एप्रिल
काल बारसं झालं. नाव शिवशरण. मी अजून उकळतेय, म्हणून सगळं लिहून काढते.

आमच्यात बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, काजळ, कुंची, सगळं. त्याला म्हणायचं गुंडप्पा. थोरला तो, मग बाळ. बाळावरची नजर दगडावर जावी म्हणून. बायका निघाल्या की कुंची काढायची आणि बाळाच्या आईने त्याच वरवंट्याने, त्याच दिवशी, एक हळकुंड वाटायचं. सासूबाई म्हणाल्या, हळद वाटली की दगड तो दगड आणि लेकरू ते लेकरू, मग त्यांची अदलाबदल व्हत न्हाय.

पण मला वेळ नको? चाळीस बायका, अंगाला दुधाचा वास, बाळ किंचाळतंय, कंबर मोडून आलेली. त्यात दाक्षी गुंडप्पाला मिठी मारून बसली. सोडेना. लाथा झाडायला लागली. सासूबाई मागे तगादा लावून, हळद वाट, हळद वाट. माझं डोकंच फिरलं. मी दाक्षीला म्हटलं, घे बाई, हा तुझा भाऊ, तो माझा! आणि सासूबाईंना म्हटलं, दगडच तर आहे, वाटेन उद्या.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. आज सकाळच्या एसटीने गेल्या. ओल्या बाळंतिणीला टाकून! जाताना दारात म्हणाल्या की आता तुला तीन लेकरं, सांभाळ. हे स्टँडवर पोचवायला गेले.

१४ एप्रिल
हळद वाटायची राहूनच गेली. दाक्षी गुंडप्पाला घेऊनच झोपते, कुंचीसकट. काढून घेतला की अख्खी गल्ली गोळा करते. असू दे म्हटलं, निदान मला कामं करू देते. एका हाताला बाळ, दुसऱ्या हाताला तवा. ऊन असं की दुपारी फरशीवर पाय ठरत नाही.

शिवशरण गुणी झालाय. रडत नाही. दूधही फार मागत नाही.

१७ एप्रिल
अजिबात पीत नाही. तोंडात दिलं तर तसंच तोंडात राहतं. पहिले दोन दिवस छाती ठणकत होती, आता दूध आटलंय. ह्यांना सांगितलं. म्हणाले, शांत आहे तर देवाचे आभार मान.

आणि जड झालाय. उचलताना मनगट दुखतं.

१९ एप्रिल
दवाखान्यात नेलं. नऊ पौंड! नर्सने शाबासकी दिली. मी म्हटलं, अहो तो पीत नाही हो, हात लावून बघा, ह्या उन्हाळ्यात पाय गार आहेत. ती म्हणाली, वजन वाढतंय आणि तुम्ही रडता कशाला? रिक्षात हेही तेच म्हणाले. मी काय वेडी आहे? नऊ महिने मी वाहिलंय त्याला. माझ्या हाताला कळत नाही?

घरी आले तर दाक्षी गुंडप्पाला कडेवर घेऊन अंगणात फिरत होती. साडेचार वर्षांची पोर. तो वरवंटा बारशाला उचलताना मला दोन हात लागले होते.

२१ एप्रिल
दाक्षी झोपली होती तेव्हा गुंडप्पाच्या कुंचीवरून हात फिरवला. गरम लागला. उन्हाने तापला असेल. उन्हानेच. पण बोट रुतलं. कणकेत रुततं तसं. मी हात काढून घेतला, कुंची उघडायचं धाडस झालं नाही. ह्यांना म्हटलं, तुम्ही बघा. त्यांनी लांबूनच बघितलं. म्हणाले वरवंटा आहे, आणखी काय?

२३ एप्रिल
गंगम्मांना विचारलं. सुपारी कातरता कातरता बोलल्या. आधीची भाडेकरीण केराबाई. तिचंही दुसरंच बाळंतपण. तिनेही हळद लई उशिरा वाटली. आली तेव्हा तिचा वरवंटा पांढरट दगडाचा होता. जाताना हा काळा मागे राहिला. पोर तिच्या कडेवर होतं, धष्टपुष्ट, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती म्हणे. टांग्यातून तीनदा उतरून आत आली आणि पाट्याशी बसून ह्या वरवंट्याला कुरवाळून रडली.

हे आधी सांगायला काय झालं होतं? मी ओरडलेच त्यांच्यावर. तर म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुमी र्‍हायला असता का हितं? वर म्हणतात, आता वाटाच. पण कोण कुटं हाय ते नीट बघून वाटा.

नीट बघून म्हणजे काय? पाळण्यात माझा मुलगा आहे. दाक्षीच्या अंथरुणात दगड आहे. ह्यात बघायचं काय?

२४ एप्रिल
ह्यांना म्हटलं, अकलूजला पोचवा. शनिवारी बघू म्हणाले. शनिवारी!

शिवशरणच्या पापण्या मिटत नाहीत. टिचकी मारली — आवाज आला. हाडाचा नव्हे.

उद्या वाटतेच.

२५ एप्रिल, सकाळी
रडला! नळावर होते, आतून आवाज. धावत आले — पाळण्यात शिवशरण, हातपाय झाडतोय, लालबुंद, गरम. माझा बाळ! हलका झालाय. मी ओरडून ह्यांना बोलावलं, ते पेपर टाकून आले. पेपर टाकून!

दाक्षीच्या अंथरुणात गुंडप्पा, कुंचीत. उघडून बघितला. काळा, गार, दगड. नीट बघितलं, गंगम्मा. एका हातात येईना, फरफटत पाट्यापर्यंत नेला. हळकुंड ठेवलं आणि वाटलं. सगळा राग काढला — सासूबाईंवरचा, नर्सवरचा, ह्यांच्यावरचा. पिठासारखी बारीक झाली हळद. संपलं एकदाचं.

हे पेढे आणायला गेलेत.

दुपारी
पीत नाही. नुसता बघतो माझ्याकडे. दूध नाही म्हणून असेल. येईल.

दाक्षी कोपऱ्यात बसून रडतेय. जेवली नाही. म्हटलं, नवीन बाहुली आणू. मान हलवते.

आत्ता बोलली. विचारते, आई, तू बाळाला का वाटलंस.

मी म्हटलं, बाळ पाळण्यात आहे. म्हणाली तो गुंडप्पा. सकाळी तू नळावर होतीस ना, मी दोघांच्या जागा बदलल्या. तो तुझा बाळ गप्पच असतो, त्याला पाळणा कशाला? माझ्या भावाला नको पाळणा? तू कुंची काढलीस तेव्हा तुझा बाळ माझ्याकडे बघत होता, मग काळा काळा होत —

नाही. पोर आहे. काहीही बोलते. काहीही.

पाळण्याशी उभी राहिले. तो हसला. आज कितवा दिवस, तिसावा. हसतात. हसतात ह्या वयात —

छाती कोरडी.

स्वयंपाकघरात गेले. नुसता पुसायला, हळद पुसायला हात लावला त्याला —

पदर भिजला. दोन्हीकडून. थांबत नाही, पाट्यावर सांडतंय, आणि तो दगड, गार, माझा शिव—