एका जागेवर दोन व्याही

१४ एप्रिल, बॉथेल (अमेरिका)
सकाळी खोटं बोललो. मंदार माझं परतीचं तिकीट बघत होता, ५ मेचं. मी म्हटलं, चार दिवस झाले, चक्कर येते. उठलं की घर फिरतं. विमानात बसवेल असं वाटत नाही.
चक्कर वगैरे काही नाही. आपण असं बोलणार हे मला बोलेपर्यंत माहीत नव्हतं. परत घ्यायचं कसं ते कळेना.
पोरगा पांढरा पडला. त्याची आई गेल्यापासून तो असाच घाबरतो. सूनबाई म्हणाली, "अप्पा, तुम्ही आधी आडवे व्हा बरं." आडवा झालो. दुपारपर्यंत छताकडे बघत पडलो. मग नात ओवी शाळेतून आली आणि पोटावर चढून बसली. चार वर्षांची आहे, पण वजन चांगलं आहे.

१७ एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी बी.पी. बघितलं, कान बघितले. सगळं नॉर्मल. कानाच्या आतलं काही असेल म्हणाल्या, थोडं थांबू. मी मान हलवली. मग वाटलं, चक्करवाला माणूस इतक्या जोरात मान हलवेल का.
मंदारने माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज भरला. सूनबाईने तिच्या वडिलांचं तिकीट कॅन्सल केलं. पाहुण्यांची खोली एकच. त्यांना दमा आहे, थंडी सोसत नाही, म्हणून उन्हाळा व्याह्यांचा आणि हिवाळा माझा. तीन वर्षं असंच चाललंय. ते नागपूरहून उतरायच्या आत मी पुण्याला निघालेलो असतो. लग्नानंतर आम्ही समोरासमोर भेटलेलो नाही. कपाटात मात्र दोघांचे स्वेटर शेजारी.
व्याही फोनवर म्हणाले, "नाही जी, तब्येत पहिले! मी काय, पुढल्या उन्हाळ्यात येतो. खोली कुठं पळून चालली?"
मोठ्या मनाचा माणूस. मला ते जास्त लागलं.

२८ एप्रिल
संध्याकाळी सूनबाई टी.व्ही.वर बेसबॉल बघते. मला नवीनच. हिवाळ्यात हा खेळ नसतो, त्यामुळे इतक्या वर्षांत मी पाहिलेला नाही.
"कळतंय का अप्पा?"
"कबड्डी असती तर कळलं असतं."
हसली. मग समजावलं. तो अमुक खेळाडू डावखुरा आहे. समोर उजव्या हाताने फेकणारा असला की तो खेळतो. डाव्या हाताचा आला की हा बाकावर आणि दुसरा आत. जागा एक, माणसं दोन. त्याला प्लाटून म्हणतात.
मी म्हटलं, "म्हणजे मी आणि तुझे बाबा."
खूप हसली. मग म्हणाली, "हे मला बाबांनीच शिकवलंय. पहिल्या उन्हाळ्यात आले तेव्हा गणिताचे मास्तर ना, वही घेऊन बसले होते टी.व्ही.पुढे."
कोचाच्या ज्या कोपऱ्यात मी बसलो होतो तो त्यांचा. तिने सांगितलं नाही. उशीखाली दम्याचा जुना पंप सापडला, त्यावरून कळलं.

१९ मे
आज एक खेळाडू पाहिला, त्याच्या पिशवीत तीन हातमोजे असतात. एक लांबच्या मैदानाचा, एक आतल्या जागेचा, एक जाडजूड, धावणारा आधी पोहोचतो त्या पहिल्या बेसचा. कोण दुखावतो, कोणाला सुट्टी, तसं याला लावतात. स्वतःची जागा नाही.
सूनबाई म्हणाली, "असा माणूस टीमला फार लागतो, अप्पा."
लागतो. मला विचार. पिंपरीच्या कारखान्यात अकरा वर्षं मी तेच केलं. आठवी पास, पण लेथ येत होती, ड्रिल येत होतं, ग्राइंडर येत होता. जो गैरहजर त्याचं मशीन माझं. सुपरवायझर म्हणायचा, "तू पत्त्यातला जोकर रे, कुठेही लागतोस." बाकीचे आपापल्या मशीनला दसऱ्याला हार घालायचे. माझा हार मी कुठल्या मशीनला घालणार? हातात धरून उभा राहायचो, मग कोणाच्या तरी घालायचो.
इथे ओवी सकाळी उठून पहिली माझ्या खोलीत येते. उन्हाळ्यात त्याच खोलीत व्याह्यांकडे जात असेल. हे मी एप्रिलपर्यंत मनात येऊ दिलं नव्हतं.

८ जून
नवा नियम कळला आणि मन लागेना. एकदा खेळाडू बदलला की बाहेर गेलेला त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही.
मी दोनदा विचारलं. "अजिबात नाही?"
"अजिबात नाही. अंघोळ करून घरी गेला तरी चालेल," सूनबाई म्हणाली.
आमच्या कारखान्यात पाळी संपली तरी उद्या पुन्हा पाळी असायची.
मग तिने एका खेळाडूचं सांगितलं. खांदा दुखत होता तरी महिनाभर कोणाला बोलला नाही. जागा जाईल म्हणून. "वेडा ना? सांगायला काय झालं असतं?"
त्याने असलेलं दुखणं लपवलं. मी नसलेलं दाखवलं. मनात दोघांच्या एकच.
रविवारी मंदारला सांगायचं. नक्की.

१४ जून
रविवार. मंदारचे ऑफिसवाले जेवायला आले. कोणीतरी म्हणालं, काका, चक्कर कशी आहे आता? मी म्हटलं, आहे अधूनमधून. सगळ्यांसमोर काय सांगणार. ते गेल्यावर मंदार लॅपटॉप घेऊन बसला. मी दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन आलो.

२ जुलै
ओवी: "नागपूरआजोबा कधी येणार? इट्स समर."
मी म्हटलं, येतील. ती म्हणाली, "बट यू आर स्टिल हिअर." रागाने नाही म्हणाली. तिला आपला हिशोब लागत नव्हता.
मुदतवाढीच्या अर्जाचं उत्तर अजून नाही. मी रोज मंदारला विचारतो. तो चिडतो. त्याला वाटतं मला राहता येणार नाही याची काळजी आहे.

२० जुलै
व्याह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. काल दुपारी, नागपूरला. शेजारच्यांनी हॉस्पिटलात नेलं. उजवी बाजू गेली, बोलणं जड. जीव वाचला.
सूनबाईला फोन आला तेव्हा ती दारात बूट घालत होती. तशीच खाली बसली. एका पायात बूट. ओवी तिच्याजवळ जाऊन दुसरा बूट घालू लागली. मी ओट्याशी उभा होतो.
मंदार म्हणाला, इथे असते तरी आला असता तो झटका. आणि इथल्या हॉस्पिटलचा खर्च काही सोपा नसतो.
इथे असते तर आला नसता असं मीही म्हणत नाही. पण इथे असते. पोरीसमोर असते. आणि हा उन्हाळा त्यांना उजव्या हातासकट मिळाला असता.

२२ जुलै
सूनबाई तीन आठवडे नागपूरला जाते आहे. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे येण्याजाण्याची भानगड नाही. आज बॅग भरताना हाक मारली. "अप्पा, बाबांना काय न्यावं? त्यांना इथलं काही आवडतं का, तुम्हाला माहीत आहे का?" मग स्वतःच म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत असणार."
खरंच, मला काय माहीत आहे त्या माणसाबद्दल? दम्याचा पंप उशीखाली ठेवतो. एवढंच.

२५ जुलै
एअरपोर्ट. आत जाताना सूनबाई म्हणाली, "अप्पा, तुम्ही आहात म्हणून मला जाता येतंय. नाहीतर ओवीला कोणाकडे ठेवलं असतं? देवानेच थांबवलं तुम्हाला."
आणि पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतला, मागच्या बॅगेला अडखळलो. तिने दंड धरला. "चक्कर आली?"
मी म्हटलं, "नाही."
पहिल्यांदा खरं बोललो. तिने विश्वास ठेवला नाही. मंदारला म्हणाली, अप्पांना सांभाळ.

३ ऑगस्ट
सकाळी ओवीचा डबा, चालत शाळेत सोडणं, दुपारी आणणं, भात-वरण, कपडे मशीनला. सगळं जमतं. मंदार म्हणतो, "अप्पा, एकदम फिट झालात!" मी म्हटलं, हो.
संध्याकाळी सवयीने टी.व्ही. लावला. तीन हातमोजेवाला आज पहिल्या बेसवर होता. चांगला खेळला. लोक उभे राहिले. त्याने टोपी काढली नाही, खालीच बघत होता. दुखावलेल्याच्या जागी उभा होता म्हणून असेल, की त्याचा स्वभावच तसा. सूनबाई असती तर विचारलं असतं.

७ ऑगस्ट
रात्रीचं जेवण सोडलं. भूक नाही. मंदारला सांगू की आधी तिला? तिला फोनवर नको. परत येऊ दे. पण परत येईल ती थकून. मग पुढच्या आठवड्यात. मग दिवाळी... असं करत मी मरेन आणि ते तसंच राहील. मंदारची आई असती तर तिने एप्रिलमध्येच मला धरलं असतं. "नाटकं बंद करा" म्हणाली असती.

११ ऑगस्ट
संध्याकाळी साडेसातला, तिकडे सकाळी आठ, व्हिडिओ फोन. सूनबाईने फोन व्याह्यांसमोर धरला. खाटेवर, पाठीला उशा. तोंड एका बाजूला ओढलेलं. ओवी आत मंदारजवळ चित्र काढत होती. तिला आजोबा आधीच दाखवले होते, घाबरली नाही.
मी म्हटलं, कसं वाटतंय?
त्यांनी ते बाजूला सारलं. फार वेळ लावून, एकेक शब्द जुळवून म्हणाले, "तुमची... चक्कर... कशी हाये?"
मी म्हटलं, "गेली."
ते हसल्यासारखे झाले. डावी बाजू हसली. "केव्हा... गेली?"
सूनबाई बाजूने वाकून स्क्रीनमध्ये माझ्याकडे बघत होती. तिला तो प्रश्न सहज वाटत होता. व्याह्यांना काय वाटत होतं मला कळलं नाही. गणिताचे मास्तर. महिने मोजले असतील, नसतीलही.
मी म्हटलं, "ओवी बोलावतेय वाटतं, आलोच." ओवीने बोलावलं नव्हतं.
फोन ठेवताना सूनबाई म्हणाली, "उद्या याच वेळेला लावते अप्पा. बाबांना तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात. तुम्ही दोघं एकटेच बोला, मी स्टूलवर फोन टेकवून बाहेर जाईन."
उद्या साडेसात. मंदारला ओवीला घेऊन बाहेर जायला सांगितलं आहे. का, ते विचारलं त्याने. मी म्हटलं, तुझ्या सासऱ्यांना एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय.