पुढं गेलेल्याची डहाळी

सोमेश्वर लेकरा,
आबाचा तुला आशीर्वाद.

फोनवर तुझा पत्ता मागितला, तर "आता पत्र कोण पाठवतं?" म्हणलास. म्हणून हे लिहून घरातच ठेवतोय.

जर्मनीला निघायच्या आधी तू दोन दिवस मोबाईलवर वाचत बसलतास, परदेशात काय काळजी घ्यायची म्हणून. मला इचारलं न्हाईस. मेंढरं घेऊन तीस वर्सं परमुलखात हिंडलोय की रं मी!

आता ऐक. नव्या गावात आधी पाण्याचं इचारावं, मग मुक्कामाचं. कुणाच्या बांधावर न इचारता पाय टाकू नये. बोली येत न्हाई म्हणून तोंड मिटून बसू नये, हसून रामराम घालावा. मदत मागाया रोज एकाच दारात जाऊ नये.

एक गोष्ट तुला ठावंच हाय. वाट फुटते तिथं पुढं गेलेल्यानं लिंबाची डहाळी ठेवायची, शेंडा आपल्या वाटेकडं करून. म्हणजे मागचा चुकत न्हाई. तुझी माय होती तवा तूच पुढं पळत जाऊन ठेवायचास.

चौसाळ्याच्या फाट्यावर तुला गाडीत बसवलं. गाडी दिसंनाशी झाली, तसा मी खाली वाकून रस्ता बघाया लागलो. किती येळ बघत होतो कुणास ठाऊक. टपरीवाला म्हणला, "मामा, काय पडलं का?"

डांबरावर डहाळी हुडकत होतो, हे त्याला कसं सांगावं?

"काय न्हाई," म्हणलं.

मागं राहिलेला,
आसाराम